‘म्हणजे काय?’ : डबलबारीतील आशंका आणि मराठी समीक्षेचे समजूतदार मौन

लोकपरंपरांविषयी आदराने बोलण्याची प्रथा मराठी समीक्षेत आता पक्की झाली आहे; इतकी, की त्या परंपरा स्वतः काय म्हणतात हे ऐकण्याच्या आड हा आदरच येऊ लागला आहे. सिंधुदुर्गातील डबलबारी भजन हे याचे ठळक उदाहरण. अभ्यासपूर्ण लेखनात डबलबारीचा उल्लेख येतो तेव्हा तो बहुधा तीनपैकी एका खात्यात जमा होतो : भक्तिसंप्रदायातील भजनाचे प्रादेशिक रूप, चाकरमान्याला गावाशी बांधून ठेवणारी करमणूक, किंवा दोन बुवांमधील चढाओढ. यांपैकी एकही नोंद खोटी नाही. तिन्ही नोंदी मिळूनही मात्र एक साधा प्रश्न शिल्लक राहतो. एका बुवाने मांडलेल्या विचाराचा अर्थ दुसऱ्या बुवाने शेकडो श्रोत्यांसमोर त्याला विचारायचा, विचारताना स्वतः गायचे, आणि पहिल्याने आपला खुलासाही गाण्याच्या अंगानेच करायचा, ही रीत या प्रदेशाने कशासाठी जपली? तत्त्वविचारातील शंका आणि संगीत यांची ही सांगड योगायोगाने पडलेली नाही. तिच्यात वादाची एक पद्धती आहे. ती मराठी समीक्षेच्या नजरेला पडत नाही, कारण शंका विचारण्याचा व्यवहारच या समीक्षेने सोडून दिला आहे.

डबलबारीची मांडणी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगणे इष्ट. देवळाच्या मंडपात दोन भजनी मंडळे समोरासमोर बसतात. प्रत्येकाचा मुख्य गायक म्हणजे बुवा. पेटी बहुधा त्याच्याच हाती असते, सोबत पखवाज, झांज आणि मागे धरणारे साथीदार. एका मंडळाने गायची ती एक बारी. ती संपली की दुसऱ्याची. नमन, रूपावली, अभंग, गौळण, गजर असा क्रम साधारणतः पाळला जातो, आणि त्यांच्या सांध्यांत बुवा बोलतो. हे बोलणे कधी निरूपण असते, कधी टोमणा, कधी प्रश्न. बारी एकाआड एक असल्यामुळे प्रश्नाचे उत्तर लगेच देता येत नाही. समोरच्याची बारी संपेपर्यंत थांबावे लागते आणि तोवर ऐकत बसावे लागते. मालवण, कुडाळ, कणकवली, देवगड या पट्ट्यात आणि मुंबईत लालबाग-परळच्या कोकणी वस्तीत ही रीत सारखीच रुजली. चिंतामणी पांचाळ, परशुराम पांचाळ, चंद्रकांत कदम या बुवांची नावे तिथे आजही घेतली जातात ती केवळ गळ्यासाठी नव्हे. भजनस्पर्धेला परीक्षक असतो; गावच्या डबलबारीला बहुधा नसतो. कोण सरस हे ठरविण्याचे काम मंडपावर सोडलेले असते.

आता या प्रश्नांकडे पाहावयाचे तर आधी दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात, ज्या अभ्यासकांनी आणि, खेदाने म्हणावे लागेल, काही बुवांनीही एक करून टाकल्या आहेत. एक आहे कोडे, दुसरी आहे आशंका. कोड्याचे उत्तर विचारणाऱ्याच्या खिशात असते. पुराणातील अमक्या राजाच्या रथाच्या सारथ्याचे नाव काय, अमुक शापाचा उःशाप कोणी दिला, ही कोडी. त्यांनी समोरच्याचे पाठांतर मोजले जाते आणि श्रोत्याच्या समजुतीत तिळमात्र भर पडत नाही. आशंकेचे उत्तर विचारणाऱ्यापाशी नसते. ते असलेच तर समोरच्यापाशी असते, आणि पुष्कळदा त्याच्यापाशीही नसते. विचारल्यावर ते त्याला घडवावे लागते. ‘तुम्ही आत्ता जे म्हणालात त्याचा अर्थ काय?’ एवढेच आशंका विचारते. डबलबारीची निंदा करणारे तिच्यातील कोड्यांकडे बोट दाखवतात आणि स्तुती करणारेही ‘बुवांचा पुराणांचा व्यासंग’ म्हणून कोड्यांचीच स्तुती करतात. आशंका दोघांच्याही हातून निसटते.

एक नमुना घेऊ. समजा, पहिल्या बारीत बुवाने देहाच्या नाशिवंतपणावरचा अभंग आळवला आणि पुढे सांगितले की जे नाशिवंत ते खोटे, म्हणून देहाचा लोभ धरू नये. दुसऱ्या बुवापुढे दोन वाटा असतात. देहात नाड्या किती आणि चक्रे किती, अमुक चक्राची देवता कोणती, असे विचारून तो समोरच्याला अडवू शकतो. हे झाले कोडे. किंवा तो असे म्हणू शकतो : ‘बुवा, नाशिवंत म्हंजे काय तां आधी सांगा. उद्या नसणार तां आज खोटा, असा म्हणायचा हा काय? मग पहाटेक तुमचो आवाज बसतलो. आज तो खोटो समजून आमी उठान घराक जावचा काय?’ मंडपात हसे उसळते. पण त्या हशाने एक काम झालेले असते. ‘नाशिवंत’ आणि ‘खोटे’ हे दोन शब्द पहिल्या बुवाच्या वाक्यात एकमेकांत मुरले होते, ते सुटे झाले. आता त्याला पुढच्या बारीत ठरवावे लागते की ‘खोटे’ म्हणजे मुळीच नसलेले, की असूनही टिकून न राहणारे. वेदान्ताच्या परिभाषेत सांगायचे तर असत् आणि मिथ्या यांतला भेद त्याला गावापुढे उलगडावा लागतो. ससाचे शिंग असत्. दोरीवरचा साप मिथ्या. देह यांतल्या कोणत्या ओळीत बसवायचा? किंवा त्याला कबूल करावे लागते की आपल्याला खोटेपणाविषयी बोलायचेच नव्हते, लोभाविषयी बोलायचे होते. प्रश्नकर्त्याने कोणताच सिद्धान्त मांडलेला नसतो. त्याने फक्त वाक्य थांबवून धरलेले असते.

या नमुन्यात थोडा छलही आहे, हे मान्य करावे लागेल. आवाज बसण्याचा दाखला म्हणजे समोरच्याच्या शब्दाला त्याच्या मनात नसलेल्या टोकाला नेणे. परंतु याच ठिकाणी डबलबारीला ‘निव्वळ जिंकण्याची धडपड’ म्हणून बाजूला सारणाऱ्यांचा आक्षेप तपासून घेतला पाहिजे. न्यायसूत्रांनी कथेचे वाद, जल्प आणि वितण्डा असे प्रकार केले. तत्त्व कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता केवळ खंडन करते ती वितण्डा. त्याच सूत्रांनी जल्प आणि वितण्डा यांनाही एक जागा दिली : कोंब फुटलेल्या बीजाभोवती काटेरी डहाळ्यांचे कुंपण घालतात तसे हे तत्त्वनिश्चयाचे रक्षण करतात. कोकणात या कुंपणाला वई म्हणतात, आणि वई घालणारा माणूस झाडाचा वैरी असतो असे तिथे कोणी समजत नाही. डबलबारीतील जल्प हा असा आहे. प्रश्न एवढाच की वईच्या आत कोंब आहे की नाही.

न्यायसूत्रांतील आणखी एक भाग येथे अधिक मोलाचा आहे. पाचव्या अध्यायात 22 निग्रहस्थाने सांगितली आहेत. वादात माणूस हरला असे कोणत्या ठिकाणी समजावे, याची ती यादी. तिच्यातील तीन स्थाने एकमेकांशेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. वादी आपले म्हणणे तीनदा सांगतो आणि तरीही परिषदेला व प्रतिवादीला ते कळत नाही, तर वादी हरला, हे ‘अविज्ञातार्थ’. परिषदेला कळले, पण प्रतिवादीला कळले नाही, तर प्रतिवादी हरला, हे ‘अज्ञान’. परिषदेला कळले, तीनदा सांगून झाले, तरी प्रतिवादीला ते म्हणणे स्वतःच्या तोंडून पुन्हा मांडता आले नाही, तर तेही हरणेच, हे ‘अननुभाषण’. यात न समजण्याचा सगळा भार ऐकणाऱ्यावर टाकलेला नाही. तीन वेळा सांगूनही सभेला कळत नसेल तर दोष सांगणाऱ्याचा. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात यावर जी टीप दिली आहे ती मराठी समीक्षकांनी आपल्या लिहिण्याच्या मेजावर लावून ठेवावी अशी आहे : असे दुर्बोध बोलणे श्लिष्ट शब्दांनी, अप्रचलित शब्दांनी किंवा अतिशय भरभर उच्चाराने घडते, आणि ते आपले असामर्थ्य झाकण्यासाठी योजलेले असते.

‘तीनदा सांगणे’ या अटीत पुन्हा विचारण्याचा हक्क गृहीत आहे. ‘कळले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणण्याने प्रतिवादी लहान होत नाही. त्याने वादाचे एक पाऊल टाकलेले असते. आणि उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे परत उच्चारून दाखविण्याची, म्हणजे अनुभाषणाची, जबाबदारी त्याच्यावर येते. डबलबारीत संगीताचे जे काम आहे ते नेमके येथे.

समोरच्याने लावलेली चाल उचलायची आणि तिच्यात आपले शब्द घालायचे, ही बारीत ऐकू येणारी गोष्ट आहे. वरवर पाहता ती कुरघोडी वाटते. पण चाल उचलण्यासाठी ती लक्ष देऊन ऐकावी लागते. तिची वळणे, सम, दम खाण्याच्या जागा हे सगळे पकडावे लागते. ज्याने चाल बरोबर उचलली त्याने ‘तुमचे मी ऐकले’ हे शब्दांवाचून सिद्ध केले. शेकडो माणसांसमोर ‘तुमच्या वाक्याचा अर्थ काय’ असे विचारणे हा आपल्याकडे अपमान समजला जातो. वयाने मोठ्या, नाव झालेल्या बुवाला तरुण बुवाने असे विचारणे तर औद्धत्यच. चालीमुळे तो प्रश्न सोसण्याजोगा होतो, कारण विचारणाऱ्याने आधी काहीतरी घेतलेले असते. ज्याची चाल घेतली त्याचे एका अर्थी ऋण मान्य केले, आणि मग शंका विचारली. शास्त्रातल्या अनुभाषणाचे हे गायनातले रूप होय. संगीत येथे मूळ विचारावर चढवलेला साज नाही. ते काढून घेतले तर जो प्रश्न उरेल तो एक तर भांडण होईल किंवा विचारलाच जाणार नाही.

बारीच्या रचनेतून आणखी एक गोष्ट साधते : वेळ. प्रश्न आल्यावर उत्तर देणाऱ्याला समोरच्याची उरलेली बारी ऐकावी लागते. अर्धा-पाऊण तास त्याच्या मनात तो प्रश्न आणि कानात समोरच्याचे गाणे एकत्र असते. परिसंवादात ‘वेळेअभावी दोनच प्रश्न’ घेणाऱ्या अध्यक्षांना ही व्यवस्था अजागळ वाटेल. परंतु उत्तर सुचायला जितका वेळ लागतो तितका वेळ ती देते आणि तो वेळ रिकामा ठेवत नाही.

चालींविषयी शुद्धतावाद्यांचा आक्षेप प्रसिद्ध आहे. सिनेमाच्या चालींवर अभंगाचे शब्द बसवल्याने भजन बिघडले, असे ते म्हणतात. या आक्षेपाला इतिहास ठाऊक नाही. ‘शाकुंतल’ (1880) आणि ‘सौभद्र’ (1882) या नाटकांतून अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी, कानडी पदे अशा आधी लोकांच्या कानांत असलेल्या चाली उचलल्या, आणि संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याचा निर्देश छापण्याची रीतच पडली. आज ज्याला नाट्यसंगीताची अभिजातता म्हणतात तिचा पाया असा उसनवारीचा आहे. ज्या पेटीवर बुवाचा सगळा डोलारा उभा आहे तिलाही 1940 पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीने दाराबाहेर ठेवले होते, शुद्धतेच्या कारणास्तवच. ओळखीची चाल सार्वजनिक असते. श्रोत्याला सुरांवर कष्ट घ्यावे लागत नाहीत, त्याचे लक्ष शब्दांतील फरकाकडे जाते. अर्थाची शंका लोकांसमोर मांडायची तर याहून सोयीचे साधन कोणते?

तरीही या आक्षेपात सत्याचा एक कण आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सिनेमाची चाल आपल्या मूळ शब्दांची आठवण घेऊन येते. ती आठवणच जेव्हा टोमणा बनते, म्हणजे श्रोता बुवाचे शब्द न ऐकता मूळ गाण्याच्या द्व्यर्थावर हसतो, तेव्हा चालीने शंकेला खाऊन टाकलेले असते. अशा बाऱ्या होतात, पुष्कळ होतात, आणि गर्दीही त्यांनाच जास्त जमते. परंतु बिघाड आहे तो अनुभाषण सुटल्याचा. चाल सिनेमाची असण्याशी त्याचा संबंध नाही.

आशंका हे मराठी तत्त्वविचाराचे मूळ रूप आहे, हे पुन्हा सांगावे लागावे याचेच आश्चर्य वाटते. गीतेच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी अर्जुन कृष्णाला अडवतो : तुझे बोलणे मिश्र आहे, एक काय ते सांग. ज्ञानेश्वरीने (शके 1212) हा श्लोक उगीच ओलांडलेला नाही. तेथील अर्जुन तक्रार लांबवतो आणि देवाला विनवतो की गूढ बोलू नये, विवेक ‘मऱ्हाटा’ करून सांगावा. त्या जागी ‘मऱ्हाटा’ याचा अर्थ सोपा, उघड, स्पष्ट असा आहे. या भाषेच्या नावाला तिच्या आद्य तत्त्वग्रंथात ‘कळेल असे’ हा अर्थ लाभलेला आहे आणि तो एका शंकेखोराच्या तोंडून आलेला आहे. दासबोधात श्रोत्याची आशंका हे निरूपणाचे चाकच आहे. हा शब्द समासांच्या नावांतही येतो. लीळाचरित्रातील महदंबा चक्रधरांना सतत पुसत राहणारी, आणि गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी धवळे रचून गाणारीही तीच. आद्य मराठी कवयित्री म्हणून पाठ्यपुस्तकांत तिचा परिचय होतो. पुसणारी आणि गाणारी या दोन महदंबा तिथे एकमेकींना भेटत नाहीत.

या परंपरेला पुढे एक अडचण आली. कीर्तन आणि प्रवचन यांत बोलणारा एकटा राहिला. श्रोत्याची शंका कीर्तनकारच स्वतः काढतो आणि स्वतःच फेडतो. शंका उरली, शंकेखोर गेला. डबलबारीने काय केले? तिने कीर्तनकारासमोर दुसरा कीर्तनकार आणून बसवला, त्याच्याही हातात पेटी दिली. शंका विचारण्याचा अधिकार पुन्हा एका वेगळ्या, हाडामासाच्या माणसाकडे गेला. मराठी वाङ्मयेतिहासात या घटनेची नोंद व्हायला हवी होती.

हाच अधिकार या प्रदेशात दुसऱ्या एका ठिकाणीही दिसतो. दशावतारात मुख्य आख्यानाआधी होणाऱ्या आड-दशावतारात गणपती, सरस्वती येऊन जातात आणि मग वेद चोरणारा संकासुर येतो. देवादिकांची भाषा प्रमाण मराठी. संकासुर मात्र मालवणी बोलतो आणि सूत्रधाराला फिरवून फिरवून विचारतो. त्याचे विचारणे विनोदासाठी असते असे सर्व परिचयग्रंथ सांगतात. परंतु ज्ञान चोरणारा असुर आणि ‘म्हंजे काय?’ विचारणारा असुर एकच आहे, ही रचना विचार करायला लावणारी आहे. ज्ञानाच्या भाषेला बोलीतून प्रश्न केला की तो विनोद ठरतो. त्याच प्रश्नाला शास्त्रात निग्रहस्थान म्हणतात. अलीकडे आड-दशावतार आखडता घेतला जातो किंवा गाळला जातो, आणि आख्यान लवकर सुरू होते म्हणून प्रेक्षकही खूश असतात.

आता मराठी समीक्षेकडे वळू. तिच्यातही एकेकाळी आशंका जिवंत होती आणि योगायोग असा की ती संगीतातून आलेल्या एका शब्दाभोवतीच पेटली होती. बा. सी. मर्ढेकरांनी ‘लय’ हे सौंदर्याचे तत्त्व मानले. संवाद, विरोध आणि समतोल असे तिचे नियम सांगितले. ‘सौंदर्य आणि साहित्य’ 1955 मध्ये आले. पुढची दोन दशके या एका शब्दाला अनेकांनी विचारले : लय म्हणजे काय? काळातील अंतर, की संवेदनांतील संबंध? संगीतात ती ऐकू येते, साहित्यात ती कोणत्या इंद्रियाला कळते? रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’त (1974) मर्ढेकरांच्या म्हणण्याची जी फेरमांडणी होते ती अनुभाषणाचा वस्तुपाठ आहे, आधी समोरच्याचे म्हणणे त्याच्याहून नीट मांडायचे आणि मगच विचारायचे. मर्ढेकर तोवर हयात नव्हते, ही या बारीतली खंत. (एखाद्या पखवाजवाल्याला मर्ढेकरांची विरोधलय समजावून सांगितली असती तर तो म्हणाला असता, ‘खंयची लय? विलंबित की द्रुत?’ हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. लय हा शब्द कलाव्यवहारातून उचलल्यावर त्या व्यवहाराला तो परत दाखवावा लागतो.)

त्यानंतर मराठीत शब्द आले ते झुंडीने : संरचना, विरचना, चिन्हव्यवस्था, आंतरसंहिता, देशीयता, वर्चस्व, अवकाश. यांतील कोणताही शब्द टाकाऊ नाही. आक्षेप त्यांच्या स्वागताविषयी आहे. त्यांपैकी किती शब्दांना ‘लय’ला विचारले गेले तसे विचारले गेले? चर्चासत्रात निबंध वाचला जातो. त्यात ‘अवकाश’ हा शब्द वीस वेळा येतो, कधी जागा या अर्थी, कधी संधी, कधी मोकळीक या अर्थी. निबंध संपल्यावर ‘अतिशय मौलिक मांडणी’ असे म्हणत जो पहिला श्रोता उठतो तो प्रश्न विचारीत नाही, स्वतःचा छोटा निबंध वाचतो. ‘अवकाश म्हणजे काय?’ असे विचारण्याची हिंमत ज्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला होऊ शकली असती, त्याला मागच्या रांगेत बसून कळून चुकलेले असते की असे विचारणे म्हणजे आपले वाचन कमी असल्याची कबुली देणे. तो घरी जातो आणि पुढच्या वर्षी आपल्या प्रबंधिकेत तोच शब्द वीस वेळा वापरतो.

कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालतात. एकजण सर्वांच्या वतीने बोलतो आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी जमलेला गाव म्हणतो, ‘व्हय म्हाराजा’. देवासमोर हे योग्यच आहे. तेथे गावाने एकमुखाने बोलायचे असते. मराठी चर्चासत्राचे रूप मात्र बारीपेक्षा या गाऱ्हाण्याच्या जवळ गेले आहे, आणि तिथे देव कोण हे विचारण्याची सोय उरलेली नाही.

यावर असे म्हटले जाईल की प्रगत शास्त्राची परिभाषा सर्वांना कळलीच पाहिजे असा हट्ट धरता येत नाही. धरू नये. न्यायसूत्रेही परिषदेला कळण्याची अट घालतात, रस्त्यावरच्या माणसाला कळण्याची नव्हे. परंतु मराठी समीक्षेची परिषद म्हणजे ती समीक्षा वाचणारे शे-दोनशे प्राध्यापक आणि विद्यार्थी. त्यांना तीनदा सांगून कळते काय, हे कोणी कधी तपासलेले नाही. आणि परिभाषा कितीही परकी असली तरी शंका विचारता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. 1983 साली पुण्यात मे. पुं. रेगे, दया कृष्ण आदींच्या पुढाकाराने पारंपरिक पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचे अभ्यासक समोरासमोर बसले. विषय होता रसेलची विधानाची संकल्पना, आणि ती संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवली गेली. ‘रसेल थोर आहे’ असे म्हणून पंडितांना उठता आले असते. त्यांनी विचारले : हा पदार्थ शब्दाहून वेगळा, ज्ञानाहून वेगळा आणि वस्तूहूनही वेगळा मानण्याची गरज काय? 1991 मध्ये ‘संवाद’ या नावाने त्या चर्चा ग्रंथरूपाने आल्या. त्या ग्रंथाच्या चार संपादकांपैकी एक मुकुंद लाठ हे संगीतशास्त्राचे मोठे अभ्यासक होते आणि स्वतः गात. हा तपशील निरर्थक मानायचा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. प्लेटोच्या ‘फीडो’तील सॉक्रेटिसही, आयुष्यभर लोकांना ‘म्हणजे काय’ विचारून झाल्यावर, तुरुंगातील शेवटच्या दिवसांत स्वप्नाचा आदेश मानून पद्ये रचू लागतो.

डबलबारीवर लिहावयास घेणाऱ्या नव्या अभ्यासकाला या सर्वांतून एक धोका आहे, आणि तो आतापासून दिसतो. तो बाख्तिनचा संवादवाद घेईल, गादामरने 1960 च्या आपल्या ग्रंथात प्रश्नाला दिलेले अग्रस्थान घेईल आणि दोन्ही बुवांना त्यांत बसवून मोकळा होईल. बुवांना त्यांचे म्हणणे विचारण्याची गरज त्याला भासणार नाही, कारण सिद्धान्ताने ते आधीच सांगितलेले असेल. मग तो संहिता तयार करील. संहितेत शब्द येतील. कोणत्या शब्दाला कोणती चाल लावली, ती चाल समोरच्याकडून उचललेली होती की नवी, प्रश्न कोणत्या बारीत आला आणि उत्तर किती वेळाने आले, मधल्या वेळात उत्तर देणाऱ्याने काय ऐकले, हे काहीच येणार नाही. ध्वनिचित्रमुद्रणांतही हेच चालू आहे. अख्ख्या रात्रीच्या बारीतून टोमण्याची पाच मिनिटे कापून फिरवली जातात; प्रश्न एका तुकड्यात आणि उत्तर, असलेच तर, दुसऱ्या. ज्यांनी मूळ बारी ऐकली नाही त्यांना दोन माणसे एकमेकांचा पाणउतारा करताना दिसतात. अभ्यासकही तेवढेच पाहून ‘स्पर्धा’ हे आपले जुने खाते उघडतात.

सिंधुदुर्ग 1981 साली स्वतंत्र जिल्हा झाला. त्याआधीपासून आणि त्यानंतरही ज्या बुवांनी रात्रीच्या रात्री अशा शंका विचारल्या आणि फेडल्या, त्यांतील वृद्ध बुवा आणि त्यांचे पखवाजवाले अजून बोलू शकतात. त्यांच्याकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने प्रश्नावली नेऊ नये. एक अख्खी बारी सुरुवातीपासून ऐकावी, तिच्यातील एक चाल उचलता येते का पाहावे, आणि न कळलेल्या पहिल्याच शब्दापाशी थांबून विचारावे.